तळ्यावरच्या बगळ्यांचा उत्सव आणि चार संस्थांची ओढाताण: माझं जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं: तुमच्या भागात एक तळं आहे, काठावरच्या झाडांवर बगळ्यांची मोठी वस्ती आहे, आणि निसर्ग गट, शाळा, चित्रकारांचा गट आणि वाचनालय अशा चौघांनी मिळून दोन दिवसांचा 'कलेतून वन्यजीव' असा उत्सव करायचं ठरवलंय. तीन मीटिंगा झाल्या पण काहीच ठरत नाहीये. निसर्ग गटाला माहितीचे बोर्ड हवेत, शाळेला चित्रकला स्पर्धा, चित्रकारांना तळ्याच्या भिंतीवर मोठं चित्र, आणि वाचनालयाला भाषणं आणि सेल्फी पॉइंट. रुसवेफुगवे सुरू झालेत आणि तुम्ही विचारताय की सगळ्यांना एकत्र बांधायचं कसं.

पण मला अडकवलं ते तुमच्या शेवटच्या ओळीनं. तुम्ही लिहिलंय, "झाडांखाली राहणारे लोक घाण होते म्हणून फांद्या तोडायची मागणी करतायत, पण तो वेगळा विषय आहे." मला तो वेगळा विषय अजिबात वाटत नाही. मी गेली चौदा वर्षं चित्रकलेची शिक्षिका म्हणून असे उत्सव करतेय, कधी एका शाळेपुरते, कधी पाचसहा संस्था मिळून, आणि अनुभवानं सांगते की तुमची खरी अडचण त्या ओळीत आहे. तुम्ही चौघंही बगळ्यांवर आधीपासून प्रेम करणारे आहात. ज्यांच्या गाडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज विष्ठा पडते, ज्यांच्या खिडकीत कुजक्या माशांचा वास येतो, ते लोक मीटिंगमध्ये नाहीतच. बगळ्यांचं पुढे काय होणार हे मात्र त्यांच्या हातात आहे. ते आत आले की तुमच्या चौघांची भांडणंसुद्धा बरीच आपोआप सुटतात, कारण मग कुणाची आयडिया भारी हा मुद्दाच राहत नाही, समोर एक खरं काम उभं राहतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, एक उत्सव फसला तेव्हा शिकले. आमच्याकडे एका जुन्या झाडावर फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची वस्ती होती. पहिल्या वर्षी आम्ही तीन संस्थांनी मिळून दणक्यात कार्यक्रम केला, मुलांची दोनशेच्या वर चित्रं लावली, पाहुणे आले, फोटो निघाले. झाडाला लागून असलेल्या घरांमध्ये आम्ही निमंत्रण पत्रिका टाकली, बस, एवढंच. दुसऱ्या वर्षी उत्सवाच्या तीन आठवडे आधी त्या झाडाच्या दोन मोठ्या फांद्या कुणीतरी तोडल्या. मला खूप वाईट वाटलं, रागही आला, पण तिथल्या एका आजींशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवस येता गं, आम्ही बारा महिने धुतो." त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग तिसऱ्या वर्षी उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी घरोघरी गेलो, हातात पत्रक वगैरे काही नाही, फक्त विचारायचं की त्रास नक्की काय होतो आणि कधी होतो. त्या आजींनी गच्चीत वाळत घातलेली एक चादर दाखवली, जांभळट तपकिरी डाग पडलेली, कितीही धुतली तरी न गेलेली. आमच्यातल्या एका चित्रकारानं ती चादर मागून घेतली, त्यांच्याच घरात बसून त्या डागांच्या कडा काळ्या धाग्यानं शिवल्या आणि एकेका डागाचं उडतं वटवाघूळ झालं. त्या वर्षी प्रदर्शनात शिरताच पहिली ती चादर दिसायची, आणि तिच्याशेजारी आजी स्वतः खुर्ची टाकून बसलेल्या, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की हा डाग कुठल्या फळाचा आणि हा कुठल्या. त्याच वर्षी आम्ही जमलेल्या पैशांतून सगळ्यात आधी त्या घरांच्या अंगणांवर जाड कापडी छत टाकलं आणि झाडाखालची झाडलोट रोज व्हावी म्हणून स्थानिक प्रशासनाकडे अर्ज केला, ज्यावर रहिवाशांच्याही सह्या होत्या. त्यानंतर फांद्या तुटल्या नाहीत.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं असेल तर आसाममधलं हरगिला पक्ष्याचं काम बघा. हा मोठा करकोचा, गावातल्या झाडांवर घरटी करतो, कुजकं खातो, घरट्याखाली भयंकर वास, आणि लोक त्याला अपशकुनी मानायचे, घरटी असलेली झाडं तोडायचे. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांनाच बरोबर घेतलं, त्यांनी हातमागावरच्या कापडात हरगिला विणायला सुरुवात केली, त्यातून उत्पन्नही मिळायला लागलं. आज त्या 'हरगिला आर्मी'त दहा हजारांहून जास्त बायका आहेत. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पचरिया, सिंगिमारी या गावांत घरट्यांची संख्या 28 वरून 250 च्या पुढे गेली आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान बर्मन यांना मिळाला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर विणणारे हात त्याच घरांतले होते ज्यांच्या परसात तो पक्षी राहतो. बाहेरून चित्रकार आणून सुंदर भिंत रंगवली असती तर एवढं झालं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या चौघांकडे येऊ. कुणाला काय द्यायचं हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते, कुणाकडे आधीपासून काय आहे. निसर्ग गटाकडे माहिती आहे, शाळेकडे मुलं आणि वेळापत्रक आहे, चित्रकारांकडे हात आहे, वाचनालयाकडे जागा आहे आणि रोज येणारी माणसं आहेत. प्रत्येकाला त्याच्या हक्काचा एक निर्णय द्या जो बाकीचे फिरवणार नाहीत. पक्ष्यांजवळ किती जायचं, कुठल्या महिन्यात, काय वापरायचं नाही, यात निसर्ग गटाचा शब्द शेवटचा. दिसायला कसं असेल यात चित्रकारांचा. मुलांचा वेळ, परवानग्या, फोटो यात शाळेचा. आणि तळ्याकाठी काय होणार, काय नाही, यात रहिवाशांचा, कारण ते तिथे राहतात. हे सगळं एका पानावर लिहा, सह्या करा, भले घरचं काम असल्यासारखं वाटो. त्याच पानावर बारीकसारीक पण नंतर हमखास भांडण लावणाऱ्या गोष्टी टाका: चित्रं नंतर कुणाच्या मालकीची, विकली तर पैसे कुणाला, साहित्याचा खर्च कोण करणार, कुणाचं नाव कुठे, आवराआवर कोण करणार, भिंतीवरचं चित्र तीन वर्षांनी पोपडे धरायला लागलं की कोण बघणार. आणि चित्रकारांना मानधन द्या हो. मांडव घालणाऱ्याला पैसे देतो, माइकवाल्याला देतो आणि चित्रकाराला म्हणतो तुमचं नाव होईल, हे मला पटत नाही. कुणा पारंपरिक कलाकाराची शैली वापरणार असाल तर त्यांनाच बोलवा, त्यांचं नाव लावा, मुलांकडून नक्कल करून घेऊ नका.

स्पर्धेबद्दल. मला ठाऊक आहे शाळेला स्पर्धा का हवी असते, बक्षीस समारंभ असला की पालक येतात आणि व्यवस्थापनाला दाखवायला काहीतरी होतं. पण मी शेकडो चित्रं तपासलीत, 'वन्यजीव वाचवा' म्हटलं की मुलं काय काढतात हे मला पाठ झालंय, रडणारी पृथ्वी, दोन तळहातांवर झाड, एक वाघ, एक हत्ती. खिडकीबाहेर बसलेला बगळा एकाही चित्रात नसतो. कारण विषय डोक्यातून येतो, डोळ्यातून येत नाही. म्हणून मी स्पर्धा टाळते आणि आलेलं प्रत्येक चित्र लावते. शाळा अगदीच अडून बसली तर क्रमांक काढण्याऐवजी प्रत्येक चित्राखाली 'या चित्रात नीट पाहिलेली गोष्ट' अशी एक ओळ लिहून द्या. मुलांना ती ओळ क्रमांकापेक्षा जास्त आठवते, पालक तर तिचे फोटो काढतात.

आणि आधी बघायचं, मग काढायचं. हा एक नियम तुम्ही पाळलात तरी अर्धं काम झालं. बगळ्याचंच घ्या. मुलांना, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही, उडणारा बगळा काढायला सांगा, सगळे मान लांब पुढे ताणलेली काढतील. पण बगळा उडताना मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून खांद्यात ओढून घेतो, मान सरळ ठेवून उडतात ते करकोचे आणि क्रौंच. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मूल ते जन्मभर विसरत नाही, दूरवर उडणारा पक्षी बघून घरच्यांना सांगतं हा बगळा आणि तो करकोचा. तसंच पायाचं, बगळ्याचा 'गुडघा' उलटा वाकतो असं सगळे म्हणतात, पण जे वाकलेलं दिसतं तो त्याचा घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मी मुलांना टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायला सांगते आणि म्हणते आता टाच कुठे आली बघा, तुम्ही बगळ्यासारखे उभे आहात. 'लहान बगळा' नावाची जात दिसली तर पाय काळे आणि पंजे एकदम पिवळे, पिवळे मोजे घातल्यासारखे. गायबगळ्याच्या डोक्यामानेवर विणीच्या काळात बदामी नारिंगी रंग चढतो, एरवी तो पांढराच. म्हणजे एकाच झाडावर रंगांचा केवढा अभ्यास आहे, त्यासाठी वाघ कशाला हवा.

वटवाघळांच्या वेळी आम्ही असंच एक केलं होतं ते तुम्हाला दुसऱ्या कुठल्या वर्षी उपयोगी पडेल. मुलांनी कागदावर स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलनं गिरवायचा, मग चार बोटं खूप लांब वाढवायची, आणि बोटांच्या मधे पडदा काढायचा. वटवाघळाचा पंख म्हणजे खरोखरच हात आहे, चार बोटांवर ताणलेली कातडी, आणि अंगठा बाहेर मोकळा, नखासकट. एका मुलीनं अंगठाही पडद्यात घेतला होता, तिनं झाडावरच्या वटवाघळाकडे दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं, मग गुपचूप खोडून अंगठा बाहेर काढला आणि नख काढलं. तिची आई तिथेच उभी होती, वटवाघळाला घाबरणारी, ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. भीती कमी व्हायला मला वाटतं असंच काहीतरी लागतं.

आता तारीख. बरेच जण 3 मार्च पकडतात कारण तो जागतिक वन्यजीव दिन, 1973 मध्ये त्या दिवशी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार झाला आणि 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस जाहीर केला. किंवा मे आणि ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, स्थलांतरित पक्ष्यांचा दिवस. दिवस चांगले आहेत, बातमी लागायला बरं पडतं, पण तुमच्या उत्सवाची तारीख बगळ्यांनी ठरवावी. हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, तुमच्या तळ्यावर वीण कधी होते, झाडं काठावर आहेत की पाण्यात, जमीन कुणाची, हे मला माहीत नाही. पण घरट्यांत अंडी किंवा छोटी पिल्लं असताना झाडांखाली गर्दी, माइक, फ्लॅश, ड्रोन, काहीही नको. मोठे पक्षी दचकून उठले की अंडी उघडी पडतात, कावळे घारी टपलेलेच असतात, आणि थोडी मोठी पिल्लं घाबरून सरकतात आणि खाली पडतात. पाणपक्ष्यांच्या वसाहतींपासून साधारण 100 मीटर लांब राहा असं सुचवलं जातं, तुमच्याकडे नेमकं किती ते निसर्ग गटानं लांबून हळूहळू झाडांकडे चालत जाऊन, पक्षी कधी माना उंचावतात ते बघून ठरवावं. मुख्य कार्यक्रम वाचनालयात करा आणि तळ्यावर दहादहाच्या तुकड्या, दुर्बीण घेऊन, लांबून.

भिंतीबद्दल मी जरा हळवी आहे कारण तिथे माझ्याकडून चूक झालीय. एका वर्षी आम्ही पक्ष्यांचं मोठं चित्र एका जुन्या दगडी भिंतीवर काढलं, परांची बांधली, भेगा बुजवून गुळगुळीत केल्या. चौथ्या दिवशी लक्षात आलं की साळुंक्यांची एक जोडी चोचीत किडे घेऊन समोरच्या तारेवर बसून राहतेय, आत एका भेगेत पिल्लं होती आणि परांचीवरच्या माणसांमुळे ती जोडी आत जात नव्हती. काम थांबवलं, परांची काढली, ती भेग नशिबानं बुजवायची राहिली होती. त्या दिवसापासून रंगाचा डबा उघडायच्या आधी निसर्ग गटातलं कुणीतरी सकाळ संध्याकाळ एकेक तास भिंतीसमोर बसतं, कोण आत जातं कोण बाहेर येतं बघायला. तुमच्या चित्रकारांनाही हे सांगा, ते ऐकतील.

साहित्याचं थोडक्यात सांगते. चमकी नको, ती म्हणजे बारीक प्लास्टिकच आहे, युरोपियन युनियननं 2023 मध्ये अशा सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणलेत. फुगे सोडणं, आकाशकंदील उडवणं, थर्माकोल, हे तळ्याकाठी तर नकोच. अ‍ॅक्रिलिक रंगही सुकल्यावर प्लास्टिक होतो, म्हणून ब्रश बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, तो वाळवून कचऱ्यात टाका, पाणी तळ्याच्या बाजूला ओतू नका. जिवंत प्राणी पक्षी मंचावर आणून दाखवायचा आग्रह कुणीतरी करेलच, तिथे सरळ नाही म्हणा.

आणि पिसं. मुलं झाडाखालची पांढरी पिसं गोळा करतील, कोलाजसाठी सुंदर दिसतात, तरी करू देऊ नका. बगळ्यांच्या बाबतीत तर याला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्याची लांब झुलती पिसं लावायची फॅशन होती, ती पिसं विणीच्या काळातच येतात, त्यामुळे शिकारी थेट घरट्यांवर जाऊन मोठे पक्षी मारायचे आणि मागे पिल्लं उपाशी मरायची. त्याविरुद्ध 1889 मध्ये इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी बायकांची संघटना उभी केली, 1896 मध्ये बोस्टनला हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी तसंच केलं. पुढे 1918 चा अमेरिकेतला कायदा आला, त्यात अशा पक्ष्यांची पिसं नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरटी आणि अंड्यांना हात लावणं शिकारीतच मोडतं. ही गोष्ट मुलांना सांगा आणि पिसं कागदाची कापून करायला द्या. कात्रीनं पिसाचा एकेक केस कापताना मुलांना कळतं ते पीस केवढं नाजूक असतं. वाचनालयाच्या भाषणांऐवजी ही गोष्ट कुणीतरी छान रंगवून सांगितली तर मला जास्त आवडेल.

वाचनालयाला सेल्फी पॉइंटऐवजी एक काम सुचवते. मोठ्या काचा असतील तर त्यांना पक्षी धडकत असतील, काचेत आकाश आणि झाड दिसतं म्हणून. मुलांकडून काचेच्या बाहेरच्या बाजूनं ठिपक्यांची, पानांची नक्षी करून घ्या, पण दोन ठिपक्यांत 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर छोटे पक्षी मधून जायला बघतात. एकच ससाण्याचं स्टिकर लावतात त्याचा उपयोग होत नाही. फोटो लोक त्या काचेसमोरही काढतील, आणि उत्सव संपल्यावर ती नक्षी तिथे राहील.

इथवरचं एका दमात सांगायचं तर रहिवाशांना पाचवा भागीदार करा, प्रत्येकाला एकेक शेवटचा शब्द द्या, एका पानावर लिहा, आधी बघा मग काढा, आणि तारीख पक्ष्यांवर सोडा.

तुम्ही विचारलंय की पुढची मीटिंग दहा दिवसांनी आहे, अजेंडा काय ठेवू. अजेंडा नको. चारही संस्थांमधून दोन दोन माणसं घ्या आणि त्या झाडांखालच्या घरांमध्ये जा, संध्याकाळी, बगळे परतायच्या वेळेला. आधी ऐकून घ्या, उत्सवाचा विषय तुम्ही काढू नका, पहिली भेट तक्रारीचीच असू द्या आणि ती जशीच्या तशी वहीत लिहा. कुणी डाग पडलेला कपडा, गाडीचं कव्हर, काही दाखवलं तर चित्रकारांपैकी कुणीतरी तिथे असायलाच हवं. जमलं तर कुणाच्या तरी गच्चीवर बसून परतणारे बगळे मोजा, घरातल्यांनाही मोजायला सांगा, दोघांचे आकडे वेगळे येतील आणि त्यावरून गप्पा सुरू होतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे. निसर्ग गटाला घरट्यांत पिल्लं कधी असतात ते महिन्यासकट विचारून ठेवा आणि वहीतल्या तक्रारींबरोबर इथेच टाका, मग तारखेचं आणि भिंतीचं बघू.